पाहणीचा दिवस वेगळा ठेवा

पावसाळा सरत आला की विदर्भातल्या क्लबांकडून एकच विचारणा सुरू होते: वर्धा जिल्ह्यात एका दिवसाची कयाक सहल काढायची, तर पाण्यात उतरायचे कुठे? आमचे उत्तर यंदाही तेच आहे. ठिकाण ठरवण्याआधी पाहणीला एक दिवस द्या. दोन अनुभवी माणसे, दोन कयाक आणि एक वही पुरे. त्या दिवशी सोबत शिकाऊ नकोत, पाहुणेही नकोत. जागा आवडली म्हणून पुढच्याच रविवारी पंधरा जणांना घेऊन जाण्याची सवय मोडायला हवी.

वर्धा जिल्ह्याला पाण्याची वाण नाही. पश्चिमेची सीमा बहुतांशी वर्धा नदीनेच आखलेली आहे. आत धाम, बोर, यशोदा, वेणा या नद्या आहेत, शिवाय लहानमोठे जलाशय आहेत. मात्र ऑक्टोबरनंतर हे पाणी पावसाच्या हाती राहत नाही. मुलताईकडून येणारी वर्धा मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरणात अडते आणि आर्वी तालुक्यात धनोडीला निम्न वर्धा धरणात पुन्हा अडते. पहिल्या धरणाला १३ दरवाजे, दुसऱ्याला ३१. पुलगावच्या पुलाखाली आज किती पाणी असेल, हे त्या दरवाजांवर आणि कालव्याच्या पाळीवर ठरते. धामचेही तसेच. वर्धा शहराचे पिण्याचे पाणी येळाकेळी आणि पवनारजवळ याच नदीतून उचलले जाते. महाकालीच्या धरणातून पाणी सुटले की पात्र वाहते होते. सोडणे थांबले की नदी डोहाडोहांत तुटते.

कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंगचा व्यवसाय उभा राहिला, तो वीज प्रकल्पातून सकाळी ठरावीक वेळी सुटणाऱ्या पाण्यामुळे. तिथला मार्गदर्शक घड्याळ पाहून पाण्यात उतरतो. आपल्याकडे तशी सोय नाही. म्हणून आपल्या नोंदीत जागेच्या नावाइतकीच तारीख महत्त्वाची. डिसेंबरातली येळाकेळी ते पवनार आणि मार्चमधली येळाकेळी ते पवनार या दोन वेगळ्या सहली आहेत. उतरताना पाण्याच्या कडेला एक खुंटी ठोकावी आणि परतल्यावर पाहावी. चार बोटे पाणी चढलेले दिसले तर वरून विसर्ग सुरू आहे असे समजावे आणि धरणाच्या शाखा कार्यालयात विचारल्याशिवाय दुसऱ्या फेरीचे नाव काढू नये.

नदीवर सर्वांत मोठा धोका कोल्हापुरी बंधाऱ्याचा. पावसाळ्यानंतर त्याचे बरगे टाकतात. पाणी भरून वरून सांडू लागले की वरच्या अंगाने येणाऱ्याला बंधारा दिसतच नाही; समोर फक्त पाण्याची एक सरळ, गुळगुळीत रेघ दिसते आणि तिच्यापलीकडचे पात्र नाहीसे झालेले असते. रेघेखाली कोसळलेले पाणी तळाशी आपटते आणि वर येऊन भिंतीकडेच मागे वळते. त्यात सापडलेली कयाक बाहेर पडत नाही, माणूसही सहजी सुटत नाही. उंची जेमतेम कमरेइतकी असली तरी हेच घडते. म्हणून प्रत्येक बंधारा आणि प्रत्येक रपटा आधी काठाने चालत जाऊन पाहावा. कयाक कुठे काढायची, कुठल्या बाजूने उचलून न्यायची आणि पुन्हा पाण्यात कुठे सोडायची, या तिन्ही जागा वहीत याव्यात. जिथे वाळूचा उपसा झाला आहे तिथे गुडघाभर पाण्यातून पुढचे पाऊल डोक्याइतक्या खड्ड्यात पडू शकते. पायउतार होण्याआधी वल्ह्याने तळ चाचपावा आणि लाइफ जॅकेट काठावर येईपर्यंत काढू नये.

जलाशयावर धोके वेगळे. बुडालेल्या झाडांचे बुंधे पातळी उतरली की पाण्याखाली वीतभर येऊन थांबतात. सकाळी आरशासारखे असलेले पाणी दुपारच्या वाऱ्याने खवळते, तेव्हा जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जावे, म्हणजे दमल्यावर परतीला वारा पाठीशी मिळतो. संथ पाण्यावर तासाला चार-पाच किलोमीटर सहज होतात. पाहणीत थांबे धरून त्याच्या निम्मे धरावे.

या सगळ्याची निम्मी माहिती ढिवर बांधवांकडे आधीच आहे. डोह कुठे, खडक कुठे, कुठल्या वळणावर जलपर्णी अडते, हे त्यांना रोजच्या कामामुळे ठाऊक असते. रात्री लावलेली जाळी ते सकाळी काढतात. पाण्यावर तरंगणाऱ्या रिकाम्या बाटल्या दिसल्या की त्या ओळीखाली त्यांची रोजी आहे हे ओळखावे आणि लांबून वळसा घ्यावा. काठावरून कुणी “पुढं नका जाऊ जी, बरगे टाकले हायेत” असे म्हणाला, तर तिथेच थांबावे. तलावाचा ठेका असलेल्या मच्छीमार संस्थेशी आधी बोलणे हा शिष्टाचार आहे आणि सुरक्षाही.

काही पाणी आपले नव्हेच. बोरचे जंगल १९७० साली अभयारण्य आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झाले. तिथे वन विभागाच्या परवानगीशिवाय कयाक नेण्याचा विचारही करू नये. हिवाळ्यात इतर तलावांवर पट्टकादंबांसारखे पाहुणे पक्षी उतरतात. थवा माना उंचावू लागला की आपण जवळ गेलो आहोत असे समजून मागे फिरावे. उन्हाळ्याच्या तोंडाशी उघड्या पडणाऱ्या वाळूच्या बेटांवर नदी सुरय अंडी घालतात. तिथे जेवणाचा डबा उघडायला उतरू नये.

१४ सप्टेंबर २०२१ रोजी याच वर्धा नदीत, वरूड तालुक्यात झुंजजवळ नाव उलटून ११ जण बुडाले. त्यांच्यातले कुणी साहसाला निघाले नव्हते. आपण मात्र हौसेने जातो, लोकांना सोबत नेतो आणि काही जण त्याचे पैसेही घेतात. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाने व्यावसायिकांना नोंदणीच्या चौकटीत आणले. पण नोंदणीच्या कागदाने बंधाऱ्याची रेघ दिसत नाही. ती पाहणीनेच दिसते.

म्हणून डिसेंबरच्या अंकापासून दोन पाने पाहणीच्या नोंदींसाठी राखत आहोत. तारीख आणि वेळ, उतरण्याची आणि निघण्याची जागा, वरच्या धरणाची स्थिती, बंधारे, जाळी, मोबाइलची रेंज आणि जवळचे रुग्णालय एवढे लिहून पाठवा. ‘इथे नेऊ नका’ असा निष्कर्ष निघाला असेल तर ती नोंद आवर्जून पाठवा. ती आम्ही सर्वांत वर छापू, कारण तुमच्यानंतर तिथे जाणाऱ्याला सर्वांत आधी तीच हवी आहे.