वीस मिनिटं आणि एक काचेची नळी

मागच्या आठवड्यात ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाची बातमी करायला गेलो होतो. सोयाबीन निंदायला गेलेल्या एका मावशींना पान लागलं होतं. पाय सुजलेला, साप कुणी पाहिलेला नाही. आमच्या कॅमेरावाल्या पोराचा प्रश्न ठरलेला, "साप मारला का? व्हिज्युअल मिळेल?"

डॉक्टरांनी मावशींचं २ मिली रक्त कोऱ्या काचेच्या नळीत घेतलं, नळी उभी ठेवली आणि म्हणाले, २० मिनिटं कुणी हात लावायचा नाही. पोरानं मावशींचा चेहरा टाळून कॅमेरा नळीवर लावला. २० मिनिटांनी नळी कलती केली तर रक्त पाण्यासारखं ओघळलं. गोठलंच नव्हतं! घोणस, फुरशाचं विष रक्ताची गोठायची ताकदच संपवतं. लगेच सलाइनमधून सर्पविषावरचं औषध सुरू झालं.

पोरगं आता साप विसरलं होतं. "प्लॅस्टिकची नळी का नाही चालत?" काचेला लागलं की रक्त गोठायला लागतं, प्लॅस्टिकला तसं नाही, धडधाकट माणसाचं रक्तही पातळ दिसून आपण फसू. ही चाचणी नाग-मण्यारीला उपयोगाची नाही, त्यांचं विष नसांवर जातं. मण्यार चावली तर बऱ्याचदा दुखतही नाही, सूजही नाही. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पोटात दुखतंय म्हणून उठतो आणि पापण्या जड व्हायला लागतात. आणि लहान पोराला औषध मोठ्या माणसाइतकंच, कारण पोर लहान आहे म्हणून साप विष कमी सोडत नाही.

हे मला या वयात कळावं? आम्ही पत्रकार फुरशाच्या बातमीला फणा काढलेल्या नागाचा फोटो लावतो, वर मांत्रिकाला चार ओळी.

२००० ते २०१९ मध्ये देशात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्मे करायचा केंद्राचा आराखडा २०२४ मध्ये आला. चांगलंच आहे. पण या चाचणीला ना लॅब लागते ना वीज, आणि तरी मागच्या पावसाळ्यात एका आरोग्य केंद्रातून (नाव घेत नाही) रात्री पेशंटला न तपासताच "पुढं न्या" म्हणून काढून दिलं होतं. गाडीही त्यांचीच त्यांनी बघायची.

नळीचं ते फुटेज न कापता संध्याकाळी पेजवर टाकतोय. तोवर आपापल्या केंद्रात जाऊन विचारा: औषधाच्या किती बाटल्या आहेत, काचेची नळी आहे का, रात्री डॉक्टर असतात का. उत्तर खाली लिहा, गावाच्या नावासकट.