शेताची साखळी आणि सूर्याचे अंतर

अर्थशास्त्राच्या अध्यापकाची मोठ्या आकड्यांशी रोजच गाठ पडते. अंदाजपत्रकातील हजारो कोटींच्या रकमा विद्यार्थी निर्विकारपणे वहीत उतरवून घेतात. या निर्विकारपणाचे मूळ शोधावे म्हणून एकदा वर्गात विचारले, ‘सूर्य पृथ्वीपासून किती दूर आहे?’ ‘पंधरा कोटी किलोमीटर,’ असे उत्तर तत्काळ आले. मग विचारले, ‘गुंठ्याची एक बाजू किती फुटांची?’ वर्गातील निम्मी मुले शेतकऱ्यांची. तरी सर्वत्र शांतता. शेवटी एकजण म्हणाला, ‘सर, गुंठा म्हणजे एक आर.’ पहिले उत्तर पाठ केलेले होते आणि दुसरे चुकीचे.

गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जमीन. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने १६२० साली ६६ फुटी साखळी प्रचारात आणली. मुंबई इलाख्याच्या जमीन मोजणीत तिच्या निम्मी, ३३ फुटी साखळी वापरात आली. तिचे सोळा भाग म्हणजे सोळा आणे. मीटरमध्ये ही साखळी १०.०५८४ भरते. याच साखळीने चंद्राचे अंतर मोजू लागलो, तर सुमारे ३ कोटी ८२ लाख साखळ्या होतात आणि सूर्याचे सुमारे १,४८७ कोटी. प्रकाश एका सेकंदात जवळजवळ २ कोटी ९८ लाख साखळ्या ओलांडतो.

हा रिकामपणचा उद्योग आहे, असे कोणी म्हणेल. पण आकाशाचे ज्ञान जमिनीवरच्या मोजणीवरच उभे राहिले, हे विसरता येत नाही. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त योजनाचे आणि शेताच्या निवर्तनाचे माप एकाच परिभाषेत सांगितले. दहा हातांचा एक वंश. वीस वंशांची बाजू असलेले चौरस शेत म्हणजे निवर्तन. आणि बत्तीस हजार हातांचे, म्हणजे ३,२०० वंशांचे, एक योजन. त्यांनीच पृथ्वीचा परिघ ४,९६७ योजने दिला आहे. हा परिघ शेतकऱ्याच्या वंशात मांडला, तर १ कोटी ५८ लाख ९४ हजार ४०० वंश होतात. शेत आणि भूगोल यांच्यामध्ये त्यांनी भिंत घातली नव्हती.

आधुनिक काळातही क्रम तोच राहिला. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासजवळ शंभर फुटी पोलादी साखळीने आधाररेषा मोजली आणि तेथून भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रारंभ झाला. पृथ्वीचा आकार नेमका कळावा, हाही त्यांचा हेतू होता. हे काम करीत असतानाच १८२३ साली आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. पृथ्वीचा आकार कळला म्हणूनच तिच्या दोन टोकांवरून पाहून सूर्याचे अंतर काढता आले. सूर्याचे अंतर कळले म्हणून १८३८ साली बेसेल यांना हंस तारकासमूहातील एका ताऱ्याचे अंतर सांगता आले. आज हे काम रडार आणि लेझर करतात. परंतु पायरीवर पायरी चढण्याची रीत साखळीनेच घालून दिली.

दुसरा धडा याहून व्यावहारिक आहे. मापातील सूक्ष्म चूक आकड्याबरोबर फुगत जाते. अमेरिकेत २०२२ अखेरपर्यंत भूमापनाचा फूट आणि आंतरराष्ट्रीय फूट असे दोन फूट नांदत होते. फरक दहा लाखांत दोन भागांचा. शेताच्या बांधावर तो दिसणारही नाही. पण सूर्याच्या अंतरावर तोच फरक सुमारे ३०० किलोमीटर होतो. आपली साखळी ‘दहा मीटरच की’ म्हणून धरली, तर चंद्र २,२३२ किलोमीटर अलीकडे येतो.

चंद्र अलीकडे आल्याने कोणाचे नुकसान होत नाही. शेतकऱ्याचे मात्र होते. सातबारा हेक्टर-आरमध्ये लिहिला जातो, चावडीवर आणि सौद्यात भाषा एकर-गुंठ्यांची असते. दोन एकर म्हणजे ८० गुंठे. ते ८० आर मानले, तर सुमारे ९४ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ एक गुंठा, हिशेबातून नाहीसा होतो. शहरालगत एका गुंठ्यावर घर उभे राहते. माझ्या वर्गातील त्या मुलाचे उत्तर म्हणूनच हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. उद्या भावाभावांच्या वाटणीत तेच उत्तर त्याच्या अंगाशी येईल.

दशमान पद्धती मागे घ्यावी, असे येथे सुचवायचे नाही. १९५६ च्या कायद्याने ती आणली हे योग्यच झाले. शंभर गावांची शंभर मापे व्यापाराला आणि गरिबाला सारखीच घातक होती. मागणी एवढीच की, शाळेच्या गणितात साखळी, गुंठा आणि आर यांचे परस्पररूपांतर मुलांकडून प्रत्यक्ष मैदानावर दोरी धरून करून घ्यावे आणि मग त्याच दोरीने त्यांना चंद्रापर्यंत नेऊन आणावे. ज्याला आपल्या पायाखालचा गुंठा मोजता येतो, त्यालाच कोटीचा अर्थ कळतो. मग तो कोटी सूर्याच्या अंतरातला असो वा सरकारी खर्चातला. असा नागरिक मोठ्या आकड्याने दिपून जात नाही. तो विचारतो, माप कोणते?