भांडी वाटून गवंडी घडत नाही

१९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी, किल्लारीत भूकंपाने माणसं भिंतींखाली मेली. दोन-अडीच फूट रुंद भिंती. आतून-बाहेरून दगडाची तोंडं, मधे खडे आणि माती, आणि दोन्ही तोंडांना बांधून धरणारा आरपार दगड कुठेच नाही. वर माळवद, गळती थांबावी म्हणून वर्षानुवर्षं माती टाकून जड केलेलं. भिंती कोसळल्या, पण कितीतरी वाड्यांत लाकडी खांब आणि तुळया जागेवर उभ्या राहिल्या. सुताराचं काम टिकलं, दगडकाम टिकलं नाही. यातून एकच धडा निघत होता: या मातीत गवंड्याचं कसब हा जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे.

तो धडा सरकारने टिकवला नाही, असं मी स्पष्ट म्हणतो. जागतिक बँकेचा पैसा आला, ५२ गावं नव्या जागी बसली, इतर गावांत घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण झालं. त्या काळात इंजिनिअर गावोगाव फिरले, कोपऱ्यात गज कसा घालायचा, लिंटेलवर सलग पट्टा का हवा, हे गवंड्यांना शिकवलं गेलं. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने तर गावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून पुढे आणलं आणि त्यांनी बांधकामावर लक्ष ठेवलं. मग प्रकल्प संपला आणि शिकवणंही संपलं. तेव्हा शिकलेले गवंडी म्हातारे झाले. त्यांच्यामागून थापी धरणाऱ्याला कोण शिकवणार, याचा विचार कुठल्याच फायलीत झाला नाही.

आज आमच्याकडे गवंडी कसा होतो? पोरगा बिगारी म्हणून येतो, माल कालवतो, घमेली वाहतो, आणि पाहता पाहता एक दिवस थापी हातात घेतो. उस्ताद चांगला असेल तर नशीब. उस्तादच कॉलमची रिंग काटकोनात वळवून सोडून देत असेल, तर पोरगाही जन्मभर तेच करणार. रिंगचं टोक १३५ अंशात आत वळलं पाहिजे, नाहीतर भूकंपात ती उघडते आणि उभे गज फाकतात. त्याला लागतं बोटभर जास्तीचं लोखंड. बाकी लागतं ते फक्त ज्ञान. आणि पुनर्वसित गावांत घराला मागे-पुढे खोल्या जोडल्या जाताहेत त्या याच हातांनी. बाई तर पन्नाशीपर्यंत घमेलंच वाहते. तिच्या हातात ओळंबा द्यावा, असं एकाही मुकादमाला वाटत नाही. ही आपली लाज आहे.

पैसा नाही म्हणू नका. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर उपकर लागू झाला, महाराष्ट्रात एक टक्का. तो बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे जातो. गावात त्या मंडळाची ओळख काय? पेटी आणि भांड्यांचा संच. ९० दिवसांच्या कामाचा दाखला मिळवायला रांगा लागतात, त्यात आयुष्यात विटेला हात न लावलेलेही उभे असतात. गरिबाच्या घरी कुकर गेला याचं मला दुःख नाही. पण त्याच्या कसबावर जमलेल्या पैशातून त्याचं कसब वाढत नाही, ही लबाडी आहे. ब्रिटनने १९६४ च्या कायद्याने उद्योगांकडून पैसा घेऊन बांधकाम प्रशिक्षणाचं मंडळ उभारलं. जर्मनीत गवंडी होण्यासाठी तीन वर्षांची उमेदवारी आहे. आपल्याकडे आहे त्या कौशल्याची परीक्षा घेतात, काही तासांचा वर्ग भरवतात, प्रमाणपत्र देतात आणि त्यालाच कौशल्यविकास म्हणतात. घरकुलाच्या बांधकामावरच ४५ दिवस शिकवणारी ग्रामीण गवंडी प्रशिक्षणाची योजना त्यातल्या त्यात खरी, कारण तिथे खरी भिंत उभी राहते. पण ४५ दिवसांनंतर काय? नवी वीट आली, नदीची वाळू जाऊन क्रशरची आली, तर ते गवंड्याला कोण सांगणार?

अधिकारी म्हणतात, गवंडी शिकायला येत नाहीत. का यावं त्यांनी? वर्गात बसलेल्या दिवसाची हजेरी बुडते आणि संध्याकाळी चूल पेटायची असते. उद्या शिकून आला तरी ठेकेदार मजुरी तीच देतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. सास्तूरला कायमची गवंडी शाळा काढा, उपकराच्या पैशातून. गावातल्या चालू बांधकामावर शिकवा, मराठीत शिकवा, बायकांना थापी द्या, दर काही वर्षांनी जुन्या गवंड्यांनाही परत बोलवा आणि शिकण्याच्या दिवसाची पूर्ण मजुरी त्यांच्या हातावर ठेवा. आणि घर बांधणाऱ्या तुम्हालाही सांगतो: स्लॅब भरण्याआधी मिस्त्रीला विचारा, रिंग कशी वळवलीस ते दाखव. बरोबर वळवली असेल तर त्याला दोन पैसे जास्त द्या.