मिठातलं पाणी, उसातलं पाणी

सोलापूरची पावसाची सरासरी सुमारे ५५० मिलिमीटर, हे आमच्याकडे पाढ्यासारखं म्हटलं जातं. माझा आक्षेप या पाढ्यावर आहे. ही सरासरी शे-सव्वाशे वर्षांच्या नोंदींवर उभी आहे, आणि तिला निसर्गाचा नियम समजून आपण कालवे, कारखाने आणि ऊस उभा केला. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पाच मिनिटांचे लॉग बघून 'सर्व्हर कधीच पडत नाही' म्हणणाऱ्याला आमच्या धंद्यात कुणी सर्व्हरजवळ फिरकू देत नाही.

त्याहून जुन्या नोंदी आहेत, पण त्या मिठात आहेत. खारं पाणी आटताना मिठाचे स्फटिक वाढतात आणि त्या पाण्याचे सूक्ष्म थेंब पोटात कोंडून घेतात. असा स्फटिक गार करून थेंबात बुडबुडा आणायचा, मग सूक्ष्मदर्शकाखाली हळूहळू तापवायचा. बुडबुडा ज्या तापमानाला नाहीसा होतो, साधारण तेवढंच तापमान स्फटिक बनताना त्या तळ्याच्या पाण्याचं होतं. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत १८५ मीटर खोलीपर्यंतचा गाळ आणि मीठ काढून सुमारे २ लाख वर्षांचं हवामान वाचलं गेलं, त्यात ही युक्ती कामी आली.

आपल्याकडे लोणार आहे. तिथला स्फटिक वेगळा, गेलुसाइट नावाचा, सोडियम-कॅल्शियमचा कार्बोनेट. पाणी आटून फार खारं झालं की तो बनतो, म्हणून तो सापडणं हीच साक्ष. सरोवराच्या तळातल्या सुमारे १० मीटर गाळात तो दोन काळांत सापडला: सुमारे ४६०० ते ३९०० आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वी. म्हणजे शतकानुशतकं कोरड. आपली दुष्काळाची आठवण १९७२ पर्यंत जाते, ताणली तर मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांपर्यंत.

यावर ठरलेलं उत्तर येतं: 'लोणार कुठं, सोलापूर कुठं? शेतकऱ्याला यंदाचं सांगा.' लोणारवरून सोलापूरचा आकडा निघत नाही, मान्य. स्फटिक यंदाचा पाऊसही सांगणार नाही. पण साखर कारखाना एका हंगामासाठी उभा राहत नाही, आणि धरण तर नाहीच. ११७ टीएमसीची उजनी एक पावसाळा हुकला की 'उणे'त जाते. सलग दहा हुकले तर काय, असं विचारलं की सगळे आकाशाकडे बघतात. असं होऊ शकतं, एवढं लोणारचा गाळ नक्की सांगतो.

जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं. खारेपणा वाढल्यावर फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग. सगळ्यांनी फोटो काढले, पाणी का आटलं हे फार थोड्यांनी विचारलं. तळातल्या गाळाचा फोटो चांगला येत नाही, हे खरंय. पण जिल्ह्यात नव्या कारखान्याला परवानगी देताना टेबलावर शंभर वर्षांची सरासरी ठेवत असाल, तर शेजारी तो गाळही ठेवा. मग सही करा.