आवाजालाही हक्काची जागा हवी!

मोबाईलवर सहा जण जोडले म्हणजे सहा जणांची बैठक झाली, असे समजणे भाबडेपणाचे आहे. साध्या कॉन्फरन्स कॉलमध्ये सर्वांचे आवाज एकाच प्रवाहात मिसळून कानावर आदळतात. कोण बोलले, कोणाला बोलायचे होते, काहीच उमगत नाही. ज्याचा आवाज मोठा त्याचेच म्हणणे उरते. हळू बोलणारा, अडखळणारा दडपला जातो. दोष त्याचा नाही, यंत्रणेचा आहे!

समोरासमोरच्या सभेत उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला एक सहस्रांश सेकंदापेक्षाही कमी वेळ आधी पोहोचतो आणि किंचित मोठा लागतो. तेवढ्यावरून मेंदू बोलणाऱ्याची दिशा ओळखतो, गलक्यातून एक आवाज वेगळा काढतो. गलक्यातून एकच आवाज कसा निवडला जातो, यावरचे प्रयोग ब्रिटिश शास्त्रज्ञ कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्येच मांडले होते. दिशेचा हाच फरक हेडफोनमध्ये कृत्रिमरीत्या निर्माण केला की प्रत्येक बोलणाऱ्याला आपली जागा मिळते. यालाच स्पेशियल ऑडिओ म्हणतात.

पण ही सोय कोणाच्या वाट्याला आली? ॲपलने २०२१ मध्ये ती फेसटाइमला दिली, तीही आपल्या ठराविक उपकरणांवर. मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये २०२३ मध्ये आली, तेव्हा ती संगणकापुरती होती आणि साध्या ब्लूटूथ हेडसेटवर चालत नव्हती. स्वस्त फोन एका कानाला लावून ऐकणारा माणूस या हिशेबात कुठे आहे?

शिवाय आवाज डावी-उजवीकडे वाटले म्हणजे काम संपले नाही. पडद्याकडे न पाहता बोलणारा ओळखता आला पाहिजे. नवा माणूस जोडला गेला म्हणून आधीच्यांच्या जागा हलता कामा नयेत. कोणाचा आवाज कुठे आणि किती मोठा, हे ऐकणाऱ्याच्या हाती हवे. ज्याला एकाच कानाने ऐकू येते, त्याला ही सोय बंद करण्याची मुभा हवी.

मोबाईलची जागतिक मानके ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीने २०२४ मध्ये आयव्हीएएस हे नवे ध्वनिमानक आणले. त्यामुळे साध्या फोन कॉलवरही आवाजाची दिशा पोहोचवता येते. म्हणजे तंत्र तयार आहे, प्रश्न नियतीचा आहे. मात्र कागदावर आलेला हक्क आपोआप पदरात पडत नाही, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. स्वस्तातल्या फोनवर हे कधी येणार, असा जाब फोन कंपन्यांना आणि मोबाईल सेवा देणाऱ्यांना आपणच विचारला पाहिजे!