मोटार माझी, पाणी कोणाचे?

उन्हाळा लागला आणि धरणांतील साठा खाली जाऊ लागला की महापालिकांना मोटारी धुणाऱ्यांची आठवण होते. मार्च २०२४ मध्ये बंगळुरात पिण्याच्या पाण्याने वाहने धुणाऱ्यास ५,००० रुपये दंड जाहीर झाला. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस दिल्लीत नळी लावून मोटारी धुणाऱ्यांचा शोध घेण्यासाठी २०० पथके नेमण्याचे व २,००० रुपये दंड आकारण्याचे आदेश निघाले. पुण्या-मुंबईतही टंचाईच्या वर्षी अशी आवाहने होतातच. पुढे पाऊस पडतो, धरणे भरतात आणि आवाहनाचा कागद पुढील टंचाईपर्यंत दप्तरात विसावतो. दरम्यान रस्त्याच्या कडेला मोटार धुणारा एखादा चालक पथकाच्या हाती लागतो. बंगल्याच्या गॅरेजमध्ये नळी सोडून निवांतपणे मोटार धुणाऱ्याकडे मात्र कोणाचेही लक्ष जात नाही. जागा त्याची, मोटार त्याची, तेव्हा काम खासगी, असे आपण गृहीत धरून चाललो आहोत. हे गृहीत कितपत खरे आहे, याचा विचार करावयास हवा.

पुण्याचेच उदाहरण घेऊ. या शहराच्या नळांना येणारे पाणी मुख्यतः खडकवासला, पानशेत, वरसगाव व टेमघर या धरणांच्या साखळीतून येते. याच साखळीचे पाणी कालव्याने दौंड-इंदापूरच्या शेतीला जाते, आणि शहराला किती व शेतीला किती यावरून दरवर्षी वाद झडतो. धरणातील पाण्यात तुरटी फिरवून, ते निवळून, गाळून, क्लोरीन घालून आणि विजेच्या पंपांनी टाक्यांवर चढवून मगच घरोघर पोचविले जाते. सार्वजनिक खर्चाने पिण्यायोग्य केलेले हे पाणी गॅरेजमध्ये चाकांच्या चिखलावर सोडले जाते. मोटार खासगी असेल. तिच्यावर पडणारे पाणी खासगी नाही.

किती पाणी लागते म्हणाल, तर त्याचा हिशेब कोणालाही घरच्या घरी करता येईल. पंधरा लिटरची बादली बागेच्या नळीखाली धरावी आणि घड्याळ पाहावे. नळाला बरा दाब असेल तर ती मिनिटभरात भरते. म्हणजे नळी दहा मिनिटे सोडली तर दीडशे लिटर पाणी गेले. मोटार घासण्यासाठी हात गुंतलेला असताना जमिनीवर टाकलेली नळी वाहतच असते, हे निराळेच. आता याशेजारी दुसरा आकडा ठेवा. शहरी पाणीपुरवठ्याच्या सरकारी मानकाप्रमाणे माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरले जाते. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मोहिमेत ग्रामीण माणसासाठी धरलेले प्रमाण ५५ लिटर आहे. गॅरेजमधील दहा मिनिटांत शहरातील एका माणसाचे दिवसभराचे, आणि खेड्यातील जवळजवळ तीन माणसांचे पाणी संपते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरची तहान भागविण्यासाठी मिरजेहून जी पहिली पाणीगाडी निघाली, तिने पाच लाख लिटर पाणी नेले होते. वरील हिशेबाने साडेतीन हजार मोटारीही धुऊन व्हावयाच्या आत ते संपले असते.

हे झाले येणाऱ्या पाण्याचे. जाणाऱ्या पाण्याचा विचार तर आपण करीतच नाही. गॅरेजच्या फरशीवरून निघालेल्या पाण्यात साबण असतो, इंजिनाचे ठिबकलेले तेल असते, ब्रेकची व टायरची झीज असते. जाळीतून ते दिसेनासे झाले की आपल्यापुरते काम संपले. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ही जाळी मैलावाहिनीला न जोडता पावसाळी गटाराला जोडलेली असते. पावसाळी गटार ओढ्याला मिळते आणि ओढा, आंबील ओढ्याप्रमाणे, थेट मुठेला. मैलावाहिनीतून गेलेल्या पाण्याचीही हमी नाही, कारण शहराच्या सांडपाण्याचा मोठा भाग वर्षानुवर्षे प्रक्रियेवाचून नदीत जात आला आहे. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते आणि भीमेचे पाणी उजनीच्या जलाशयात साठते. सोलापूर शहर उजनीचे पाणी पिते, आणि तेही चार-चार, पाच-पाच दिवसांआड नळाला पाणी येण्याची सवय करून घेऊन तेथील लोकांनी अनेक वर्षे काढली आहेत. पंढरपूर त्याच नदीवर आहे. वारकरी स्नान करतो ते याच चंद्रभागेत. पुण्याच्या गॅरेजमधील फेस आहे तसा तेथवर पोचत नसेल. पण नदीत जे काही सोडले जाते, त्यात या गॅरेजांचाही वाटा असतो.

वस्तुतः आपल्या घरांत पाण्याचा विवेक पूर्वापार होता. ‘पिण्याचे पाणी’ आणि ‘वापरायचे पाणी’ हे दोन शब्दप्रयोग मराठी घरात आजही रूढ आहेत. पेशवाईत कात्रजच्या तलावातून नळाने पाणी आणून ते पुण्याच्या हौदांत सोडले गेले, तरी वाड्यावाड्यांतले आडही वापरात होते. घंगाळातले, रांजणातले आणि माठातले पाणी वेगळे, हे लहान मुलालाही सांगावे लागत नसे. घरोघर नळ आला आणि पाणी एकच झाले. सोय वाढली हे खरे; परंतु संडासात, बागेत, मोटारीवर आणि माठात एकाच प्रतीचे पाणी ओतण्याची सवय जडली.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, महापालिकेच्या फुटक्या जलवाहिन्यांतून जेवढे पाणी गळते, त्यापुढे मोटारींचे पाणी ते किती? उसाला लागणाऱ्या पाण्याशी तर तुलनाच नको. आक्षेप खोटा नाही. गळती रोखणे हे प्रशासनाचे पहिले कर्तव्य आहे आणि मोटारमालकाकडे बोट दाखवून त्यातून त्याला सुटता येणार नाही. परंतु एकाची गळती हा दुसऱ्याच्या उधळपट्टीचा परवाना होऊ शकत नाही. दुसरा आक्षेप असा की, आम्ही पाणीपट्टी भरतो, मग हिशेब का द्यावा? येथे जरा थांबावयास हवे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पाण्याच्या खर्चाची वाटणी सदनिकेतील नळांची संख्या व आकार यांवरून होते. वाहनतळातील समाईक नळावरून कोणी किती पाणी घेतले, हे त्या हिशेबात येतच नाही. परिणामी ज्या सभासदाकडे सायकलही नाही, तो शेजाऱ्याच्या मोटारीचे स्नान आपल्या वर्गणीतून घडवीत असतो. पैसे भरल्याचा युक्तिवाद करणाऱ्याने ते कोणी भरले, हेही पाहावे.

मोटारी धुऊच नयेत, असे आमचे म्हणणे नाही. धूळ आणि मीठट हवा यांनी पत्रा खराब होतो, काच मळली तर चालविणे धोक्याचे होते, आणि दसऱ्याला धुतलेल्या मोटारीला झेंडूची माळ घालणाऱ्या माणसाची भावना समजण्यासारखी आहे. प्रश्न रीतीचा आहे. ती रीत शिकविण्यास परदेशी तज्ज्ञ आणावयास नको. पहाटे अंधारात एक बादली आणि दोन फडकी घेऊन ओळीने मोटारी पुसत जाणारा माणूस प्रत्येक मोठ्या गृहसंकुलात आहे. ज्याला आपण महिन्याकाठी अल्पशी रक्कम देतो आणि ज्याचे नावही अनेकांना ठाऊक नसते, तो एका मोटारीला बादलीभर पाण्यात स्वच्छ करतो. रविवारी हौसेने नळी हाती घेणारा मालक तेवढ्याच कामासाठी दहा बादल्या ओततो. काटकसरीने काम करणाऱ्याला चार पैसे अधिक द्यावेत, चांगली फडकी द्यावीत, यात मालकाचेही हित आहे. मळक्या फडक्याने रंगावर ओरखडे उठतात.

नियमही हवेत, आणि ते दुष्काळापुरते नकोत. वाहनतळातील नळाला स्वतंत्र मीटर बसवून त्याचा खर्च मोटारमालकांनीच सोसावा, असा ठराव कोणत्याही गृहसंस्थेला सर्वसाधारण सभेत मांडता येईल. मुंबईत २००२ पासून मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींना पावसाचे पाणी साठविणे वा मुरविणे बंधनकारक झाले. ज्यांनी साठवणीची टाकी बांधली आहे, त्यांनी तेच पाणी मोटारीला वापरावे. त्यात क्षार जवळजवळ नसल्याने वाळल्यावर रंगावर पांढरे डाग पडत नाहीत. मोठ्या संकुलांत सांडपाणी शुद्धीकरणाची यंत्रे बसविलेली असतात. ती केवळ परवान्यापुरती न ठेवता चालविली, तर बागेला आणि मोटारींना तेच पाणी पुरेल. नव्या बांधकामास परवानगी देताना गॅरेजची जाळी पावसाळी गटाराला जोडू नये, तिच्या मार्गात गाळ व तेल अडविणारी कुंडी असावी आणि मगच ती मैलावाहिनीला मिळावी, अशी अट महापालिकेने घालावी. जर्मनीतील अनेक गावांत स्वतःच्या अंगणातही साबण लावून मोटार धुण्यास मनाई आहे; तेल वेगळे काढण्याची सोय असलेल्या धुलाई केंद्रात ती न्यावी लागते. तेथील नागरिकांना यात आपल्या मालकीहक्काचा संकोच झाला असे वाटत नाही, कारण अंगणाखालचे पाणी गावाचे आहे हे त्यांनी मान्य केले आहे.

आपल्याकडे हे मान्य होईपर्यंत दंडाची पथके दर उन्हाळ्यात निघतील आणि पावसाबरोबर परततील. त्यांची वाट न पाहता या रविवारी नळी गुंडाळून ठेवावी आणि दोन बादल्यांत काम भागते का, ते पाहावे. एका बादलीत साबण आणि दुसरीत साधे पाणी घेतले, तर भागते.