हरून संघ घडत नाही

ओक्लाहोमा सिटी थंडरने २०२५ साली एनबीएचे विजेतेपद मिळवल्यापासून आमच्याकडे प्रशिक्षकांची पत्रे येत आहेत. त्यांचा सूर एकच आहे: थंडरने २०२०-२१ मध्ये २२ आणि पुढच्या हंगामात २४ सामने जिंकले, हार सोसली, तेव्हा कुठे करंडक आला; मग आपणही दोन वर्षे निकालाकडे पाहू नये.

हा निष्कर्ष आम्हाला साफ अमान्य आहे. त्या पराभवांतून ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) दुसऱ्या क्रमांकाचा पिक मिळाला आणि चेट होमग्रेन आला, एवढे खरे. पण अंतिम मालिकेचा मानकरी शे गिल्जस-अलेक्झांडर आला तो २०१९ मध्ये पॉल जॉर्जला क्लिपर्सकडे देऊन. त्याच व्यवहारातल्या पिकवर, बाराव्या क्रमांकाने, जेलन विल्यम्स मिळाला. बोस्टनने २०२४ मध्ये विजेतेपद घेतले. त्यांचे टेटम आणि ब्राउन दोघेही तिसऱ्या क्रमांकाचे, पण त्यासाठी हरत होते ब्रुकलिन, कारण ब्रुकलिनचे पिक व्यवहारातून बोस्टनकडे आले होते. बोस्टन स्वतः २०१६-१७ मध्ये ५३ सामने जिंकत होते! ड्राफ्टमध्ये योकिच ४१ वा, यानिस १५ वा निवडला गेला.

स्पर्सचे उदाहरण हमखास पुढे केले जाते. १९९६-९७ मध्ये २० विजय, मग डंकन, मग १९९९ चे विजेतेपद. पण त्या हंगामात रॉबिन्सन जायबंदी होता. आदल्या वर्षी हाच संघ ५९ सामने जिंकला होता. १९९६-९७ मध्येच १५ सामने जिंकणाऱ्या बोस्टनला डंकन मिळाला नाही. फिलाडेल्फियाने २०१३ पासून तीन हंगामांत १९, १८ आणि १० विजय मिळवले, २०१६ आणि २०१७ अशी दोन वर्षे पहिले पिक मिळवले. त्यानंतर २०२५ पर्यंत पूर्व विभागाची अंतिम फेरीसुद्धा त्यांना गाठता आली नाही.

खरा राग आहे तो लीगच्या कारभारावर. तळाला जाण्याचा मोह कमी व्हावा म्हणून २०१९ पासून शेवटच्या तिन्ही संघांना ड्राफ्टच्या लॉटरीत पहिल्या पिकची समान, १४ टक्के संधी दिली. मोह गेला का? मार्च २०२५ मध्ये मार्कानेनला न खेळवल्याबद्दल युटाला एक लाख डॉलर दंड झाला. मग १७ विजयांसह तळाला राहिल्याबद्दल त्याच युटाला लॉटरीत, इतर दोन तळाच्या संघांच्या बरोबरीने, सर्वाधिक संधी मिळाली. ज्या वर्तनाला दंड करायचा, त्यालाच बक्षीस ठेवायचे, हे कसले धोरण? शेवटी युटाला पाचवा पिक मिळाला आणि १.८ टक्के संधी असलेल्या डॅलसने कूपर फ्लॅग नेला. डेट्रॉइटने २०२३-२४ मध्ये सलग २८ सामने गमावले, त्यांनाही पाचवाच. पिकचा क्रमांक पराभवांशी बांधलेला आहे तोवर दंडाच्या पावत्या फाडून काहीही होणार नाही.

आणि आपल्याकडे तर ड्राफ्टच नाही. जिल्हा स्पर्धेत तळाला राहणाऱ्या संघाला कोणीही उंच सेंटर आणून देत नाही. तरीही काही प्रशिक्षक ‘संघबांधणी चालू आहे’ म्हणत तिसऱ्या क्वार्टरलाच सामना सोडून देतात. मुले त्यातून परत धावून बचावाला न येणे शिकतात, बॉक्स आउट न करणे शिकतात. ज्युनिअर खेळाडूंना जरूर खेळवा, पण जिंकण्यासाठी खेळवा. वीस गुणांनी मागे असाल तरी प्रेस लावा, टाइमआउट घ्या, शेवटच्या मिनिटापर्यंत बेंचवरून बोलत राहा. यापुढे पत्र लिहिताना आपल्या संघाच्या शेवटच्या पाच सामन्यांतले टर्नओव्हर आणि डिफेन्सिव्ह रिबाउंडचे आकडे सोबत पाठवा. चर्चा त्यावर करू.